चला, लॅमिंग्टन रोडला!

मुलांनो, मुंबईत प्रत्येक वस्तूची एक गल्ली आहे. भांडी हवीत? भुलेश्वरकडे जा. जुनापुराणा दिवा हवाय? चोरबाजार. फुलं? दादर. आणि कुणी तुम्हाला म्हणालं, "मला कॉम्प्युटर हवाय, पण तयार नको, सुटे भाग आणून घरी जोडायचाय," तर त्याला काय सांगाल? त्याला सांगायचं, "ग्रँट रोड स्टेशनला उतर, पूर्वेला बाहेर पड आणि लॅमिंग्टन रोड विचार. कुणीही सांगेल."

आज आपण तिथंच जाणार आहोत. पिशवी घ्या, वही-पेन घ्या, पाण्याची बाटली घ्या. आणि हो, रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानांची दारं बंद दिसतील!

नावात काय काय आहे!

आधी रस्त्याची ओळख करून घेऊ. ऑपेरा हाउसकडून मुंबई सेंट्रलच्या दिशेनं, रेल्वेच्या रुळांना सोबत करत हा रस्ता जातो. पाटीवरचं त्याचं नाव आहे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. थोडक्यात डी. बी. मार्ग. हे नाव कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतंय ना? २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ ज्यांनी अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवली आणि प्राण दिले, ते तुकाराम ओंबळे याच डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याचे. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

मग 'लॅमिंग्टन' कोण? लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्याआधी ते ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गव्हर्नर होते, आणि तिथं चॉकलेटात बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेल्या केकला 'लॅमिंग्टन' म्हणतात. तो या घराण्याच्याच नावावरून पडला असं मानतात. म्हणजे बघा, एकाच माणसाच्या नावाचा तिकडे केक आणि इकडे कॉम्प्युटरचा बाजार!

तुमच्या आई-बाबांना, आजी-आजोबांना विचाराल तर ते वेगळंच सांगतील. त्यांच्यासाठी लॅमिंग्टन रोड म्हणजे सिनेमा. इथल्या मिनर्व्हा थिएटरमध्ये १९७५ साली 'शोले' लागला आणि पाच वर्षं चालला. आता ते थिएटर नाही. पण रेडिओच्या सुट्या भागांपासून सुरू झालेली इथली दुकानदारी मात्र काळाबरोबर बदलत गेली. रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर, आणि आता कॅमेरे, ड्रोन आणि रोबोटचे भाग. जुन्या इमारती, लाकडी जिने, खाली अरुंद गाळे, वर पोटमाळे. फुटपाथवर वायरींची भेंडोळी, आणि गर्दीतून "बाजू, बाजू" करत जाणारी मॉनिटरच्या खोक्यांनी लादलेली हातगाडी. असा हा रस्ता!

वहीतली पहिली ओळ

मी इथं बऱ्याचदा आलोय, पण खरं शिकलो ते मे २०२४ मध्ये. माझ्या भाचीबरोबर. तिची दहावीची परीक्षा झाली होती, अकरावीला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं होतं. ताईची भिशी नुकतीच लागली होती, तीस हजार रुपये. भाचीनं आपल्या गल्ल्यातले पाच हजार त्यात घातले. एकूण पस्तीस. त्यावर एक रुपयाही नाही. ताईनं डोंबिवलीहून निघताना पैसे माझ्या हातात न देता तिच्या हातात दिले आणि एवढंच म्हणाली, "पुन्हा भिशी लागायला दोन वर्षं आहेत हं."

लोकलमध्ये खिडकी मिळाली तशी भाचीनं वही काढली. मला वाटलं भागांची यादी असेल. पण पहिल्या पानावर लिहिलं होतं : 'कशासाठी हवाय?'

खाली चार ओळी. प्रोग्रॅमिंग शिकायला. व्हिडिओवरचे धडे बघायला. शाळेच्या मैत्रिणींच्या नाचाचे व्हिडिओ कापून-जोडायला. आणि शेवटी, बारीक अक्षरात, 'थोडे गेम्स'.

मित्रांनो, हीच खरी पहिली पायरी! दुकानात गेल्यावर तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारतील, "बजेट किती?" पण तुम्ही स्वतःला आधी विचारायचं, "काम काय?" लग्नाला शंभर माणसं येणार की दहा, हे ठरवल्याशिवाय कुणी तांदूळ आणतं का?

कॉम्प्युटरच्या पोटात कोण कोण?

आता बाजारात शिरण्याआधी मंडळींची ओळख करून घ्या. फार नाहीत, सात-आठच आहेत.

प्रोसेसर म्हणजे डोकं. सगळी आकडेमोड हाच करतो. मदरबोर्ड म्हणजे घराचा पाया आणि भिंती, सगळे भाग त्यावरच बसतात आणि त्यातूनच एकमेकांशी बोलतात. रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल. टेबल जितकं मोठं तितकी पुस्तकं एकदम उघडून ठेवता येतात, पण वीज गेली की टेबल साफ! एसएसडी म्हणजे कपाट, वीज गेली तरी आतलं सामान जागच्या जागी. एसएमपीएस म्हणजे वीज देणारा डबा. भिंतीतल्या प्लगमधून येणारी २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची करून सगळ्यांना वाटतो. कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी. मग मॉनिटर, कीबोर्ड, माउस. आणि ग्राफिक्स कार्ड हा चित्रं काढणारा खास कलाकार. पण तो प्रत्येक घरात लागतोच असं नाही, हे लक्षात ठेवा.

तुम्ही म्हणाल, इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांत बसतात तरी कसे? त्याची गोष्ट १९८१ सालची आहे. आयबीएम कंपनीनं त्या वर्षी आपला पर्सनल कॉम्प्युटर काढला. घाई होती म्हणून त्यांनी बाजारात मिळणारेच बरेचसे भाग वापरले आणि तो कसा बनलाय याची माहितीही छापली. मग दुसऱ्यांनीही तसेच कॉम्प्युटर आणि तसेच भाग बनवायला सुरुवात केली. पुढे १९९५ मध्ये इंटेलनं 'एटीएक्स' नावाचं माप ठरवलं. स्क्रूची भोकं कुठं, विजेची जोडणी कशी, सगळं ठरलेलं. म्हणून आज तैवानचा बोर्ड, चीनमध्ये बनलेली पेटी आणि कोरियाची रॅम लॅमिंग्टन रोडवरच्या एका पिशवीतून तुमच्या घरी येतात आणि गुण्यागोविंदानं नांदतात.

सगळेच मात्र नांदत नाहीत, बरं का! प्रोसेसरचं जोडं मदरबोर्डाशी जुळलंच पाहिजे. ज्या खाचेत प्रोसेसर बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलचा प्रोसेसर एएमडीच्या सॉकेटमध्ये बसत नाही. इतकंच काय, इंटेलचाच नवा प्रोसेसर इंटेलच्या जुन्या सॉकेटमध्ये बसत नाही. रॅमचंही तसंच. डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या दोन जातींच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. म्हणून आधी प्रोसेसर, मग त्याला जुळणारा बोर्ड, मग बोर्डाला जुळणारी रॅम. क्रम चुकला की खिसा रिकामा.

"आय-फाइव्ह आहे ना, डोळे मिटून घ्या!"

रस्त्यावर पाय ठेवला आणि पहिल्याच दुकानात आम्हाला मोठ्या प्रेमानं बसवलं. "बजेट बोला मॅडम!" भाची पहिल्यांदाच 'मॅडम' झाली होती, लाजली. तिनं आपलं काम सांगितलं. पुढच्या पाच मिनिटांत कागदावर कोटेशन तयार. आय-फाइव्ह प्रोसेसर, आठ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड, काचेची कॅबिनेट आणि तिच्यात रंग बदलणारे चार पंखे. मॉनिटरसकट सव्वीस हजार पाचशे!

त्यांनी तसाच एक कॉम्प्युटर चालू करून दाखवला. लाल, निळे, हिरवे दिवे फिरायला लागले. खरं सांगतो, मीच भुललो. मनात हिशेब केला, साडेआठ हजार वाचतायत. ताईला परत देता येतील. मी खिशातून फोन काढून तिला लावणारच होतो.

तेवढ्यात भाचीनं विचारलं, "काका, आय-फाइव्ह कितव्या पिढीचा?"

काकांनी जरा थांबून सांगितलं, "थर्ड जनरेशन. एकदम मजबूत चीज आहे."

मुलांनो, इथं नीट लक्ष द्या. 'आय-फाइव्ह' हे नाव इंटेल बरीच वर्षं वापरत होती. तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह बाजारात आला २०१२ साली! म्हणजे आम्ही विकत घेत होतो तेव्हा तो बारा वर्षांचा होता. भाची चार वर्षांची होती तेव्हा तो कुणाच्या तरी ऑफिसात काम करत होता. मायक्रोसॉफ्टच्या यादीप्रमाणे विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं.

तिनं पुढचे प्रश्न विचारले. ग्राफिक्स कार्ड नवं आहे की वापरलेलं? वापरलेलं. वॉरंटी? दुकानाची सहा महिने. बिल? "बिल करायचं तर भाव वेगळा होईल." मग तिनं एसएमपीएस हातात घेतला. वर मोठ्या अक्षरात '५०० वॅट' लिहिलेलं, आणि वजन रिकाम्या डब्याएवढं!

त्या माणसाला मी दोष देत नाही. जुना कॉम्प्युटर 'जुना' म्हणून, योग्य भावात, सांगून-सवरून घेतला तर त्यात काहीच वाईट नाही. फक्त टायपिंग आणि अभ्यासाचे व्हिडिओ एवढंच काम असेल तर तो पुरतोही. पण आमच्या वहीतल्या चार ओळींत तो बसत नव्हता.

आम्ही बाहेर आलो. कोपऱ्यावर कटिंग घेतला. मी तरीही म्हणालो, "अगं, साडेआठ हजार म्हणजे थोडे नाहीत." भाचीनं वही उघडली आणि भागाकार मांडला. हा कॉम्प्युटर फार तर तीन वर्षं चालेल, असं धरलं. सव्वीस हजार पाचशे भागिले तीन, म्हणजे वर्षाला साधारण आठ हजार आठशे. आणि पस्तीस हजारांचा नवा सहा वर्षं चालला, तर वर्षाला सहा हजारांच्या आत. "मामा, स्वस्त कोणता?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी चहाचे पैसे दिले.

यादी आणि बेरीज

मग आम्ही पाच दुकानं फिरलो. एकाच यादीचे पाच भाव लिहून घेतले. एका दुकानात प्रोसेसर स्वस्त, तर दुसऱ्यात मॉनिटर. फोनवर ऑनलाइन भावही बघितले. सगळंच इथं स्वस्त मिळतं असं नाही हं! पण वस्तू हातात घेऊन बघता येते, आणि दहा दुकानं चालत्या अंतरावर असतात, हा इथला फायदा. शेवटी ठरलं ते असं. हे मे २०२४ चे भाव आहेत, जीएसटी धरून.

प्रोसेसर, एएमडीचा रायझन ५, ५६०० जी : ११,३०० रुपये.
मदरबोर्ड, बी ४५० जातीचा : ५,४०० रुपये.
रॅम, डीडीआर-४, आठ जीबीच्या दोन पट्ट्या : ३,४०० रुपये.
एसएसडी, एनव्हीएमई, ५०० जीबी : ३,१०० रुपये.
एसएमपीएस, ४५० वॅट : २,८०० रुपये.
कॅबिनेट, साधी, जाळीची : १,८०० रुपये.
मॉनिटर, २२ इंची : ६,३०० रुपये.
कीबोर्ड आणि माउस : ७०० रुपये.

करा बरं बेरीज. चौतीस हजार आठशे! उरलेल्या दोनशे रुपयांत दोघांचे वडापाव आणि परतीचं तिकीट.

आता एकेक निवड का केली ते सांगतो, कारण भाव बदलतात पण कारणं बदलत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड का नाही? कारण ५६०० जी या प्रोसेसरच्या पोटातच चित्रं काढणारा छोटा कलाकार आहे. सहा गाभे, म्हणजे सहा डोकी, आणि वर हा कलाकार. हलके गेम्स तो खेळवतो. उद्या पैसे साठले तर मोठं कार्ड लावायला बोर्डावर जागा आहेच. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे 'एफ' हे अक्षर असेल, तर त्याच्या पोटात हा कलाकार नसतो. तो थोडा स्वस्त मिळतो, पण ग्राफिक्स कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही. कितीतरी जण फसतात!

सोळा जीबीची एकच पट्टी न घेता आठच्या दोन का? कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन्हींशी एकाच वेळी बोलतो. एका दाराऐवजी दोन दारं. आणि पोटातला तो कलाकार रॅमच उसनी घेऊन काम करतो, त्यामुळे त्याला याचा खूपच फायदा होतो.

एसएसडी का? जुन्या फिरत्या तबकडीची हार्डडिस्क सेकंदाला साधारण शंभर ते दीडशे-दोनशे एमबी वाचते. साटा जातीची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. आणि एनव्हीएमई जातीची दोन-तीन हजारांच्या पुढे. ही शेवटची तर च्युइंगगमच्या पट्टीएवढीच असते. जुना कॉम्प्युटर हळू चालतोय? सगळा बदलण्याआधी नुसती एसएसडी लावून बघा, त्याला पुन्हा पालवी फुटते.

एसएमपीएसवर एवढे पैसे का? कारण यानं दगा दिला तर तो एकटा जात नाही, सोबत बाकीच्यांना घेऊन जातो. त्यावर '८० प्लस' ही खूण बघा. तिचा अर्थ, भिंतीतून घेतलेल्या दर १०० युनिट विजेतली निदान ८० तो पुढे देतो, फार तर २० उष्णतेत वाया जातात. आमच्या सगळ्या भागांना मिळून दोनशे वॅटही लागत नव्हते. पण पुढे ग्राफिक्स कार्ड लावायचं तर हाताशी काही हवं, म्हणून ४५०.

काचेची, दिव्यांची कॅबिनेट का नाही? मुंबईचा मे महिना आठवा. पेटीला श्वास घ्यायला जाळी हवी. दिवे बघून प्रोग्रॅम लवकर चालत नाही.

आणि सॉफ्टवेअर? यादीत त्याला एकही रुपया नाही, कारण तिनं उबंटू लिनक्स घातलं. ते फुकट मिळतं, कायदेशीर मिळतं, आणि मराठीही चांगलं दाखवतं. चोरीचं विंडोज कुणी 'टाकून देतो' म्हणालं तर नको म्हणा.

पक्कं बिल

सगळं ठरल्यावर गल्ल्यावरच्या दुकानदारानं हळूच विचारलं, "बिल पाहिजेच का? नाहीतर पंधराशे कमी करतो."

पंधराशे! आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. पंधराशेत डोंगल येतं, स्पीकर येतात. भाची क्षणभर गप्प होती. मग म्हणाली, "नको, बिलच द्या. आणि त्यावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहा." दुकानदार हसला, पण बिल केलं त्यानं. प्रोसेसरचं सीलबंद खोकं आमच्यासमोर दिलं. मदरबोर्डाच्या खोक्यावर 'रायझन ५००० रेडी' असा शिक्का आहे ना, तेही दाखवलं. जुना साठा असला तर बोर्डाला नवा प्रोसेसर ओळखता येत नाही, आणि मग पडदा काळाच राहतो.

दुकानात थोडे पैसे घेऊन जोडूनही देतात. पहिल्यांदाच घेत असाल तर खुशाल जोडून घ्या आणि समोर चालवून बघा. पण भाचीला स्वतः जोडायचा होता.

डोंबिवलीतली रात्र

रात्री जेवणं आटोपल्यावर टेबल पुसलं. गालिचा गुंडाळला, कारण अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारते. भागांना हात लावण्याआधी तिनं दर वेळी एसएमपीएसच्या उघड्या धातूला हात लावला. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवला. त्या जातीच्या प्रोसेसरला खाली १३३१ बारीक पिना असतात! दाबायचं नाही, नुसतं ठेवायचं. तो आपल्या वजनानं आत बसतो, मग दांडी खाली. रॅमच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, 'टक्' आवाज येईपर्यंत. मग वर पंखा, मग बोर्ड पेटीत, मग वायरी.

साडेअकराला बटण दाबलं. पंखा फिरला. सगळ्यांनी श्वास रोखला. पडदा काळा.

पाच मिनिटं. काळाच. ताई काही बोलली नाही, नुसती दारात उभी. भाचीचे डोळे भरले. मीही घाबरलो. पस्तीस हजारांची राख झाली की काय!

मग भाचीनं प्लग काढला आणि मदरबोर्डाबरोबर आलेलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तेवीस मिनिटं लागली. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरशेजारी, आठ पिनांची एक वेगळी जोडणी होती. प्रोसेसरला वीज देणारी. ती लावायचीच राहिली होती! चोवीस पिनांची मोठी लावली म्हणून पंखा फिरत होता, पण डोकं उपाशी होतं.

ती लावली. बटण. आणि पडद्यावर अक्षरं उमटली. ताई स्वयंपाकघरात गेली आणि रात्री बारा वाजता शिरा करायला घेतला.

शिरा खाताना लक्षात आलं, बोर्डाला वायफाय नाही! सगळा विचार केला आणि हेच राहिलं. पण फोन वायरीनं जोडून इंटरनेट चालवता आलं. डोंगल नंतर, दिवाळीत.

आणि मग जानेवारी

गोष्ट इथंच संपली असती तर छान झालं असतं. पण जानेवारी २०२५ मध्ये एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. एसएसडी गेली होती. आठ महिन्यांत. कधी कधी चांगल्या कंपनीची वस्तूही बिघडते, नशीब म्हणायचं.

भाचीनं फाइलमधून बिल काढलं. सीरियल नंबर जुळला. कंपनीच्या सेवा केंद्रात दिलं आणि साधारण दोन आठवड्यांनी नवी एसएसडी हातात आली. एक पैसा न देता. ते पंधराशे रुपये आठवतायत ना? त्या सकाळी ते वसूल झाले.

पण जुन्या एसएसडीत असलेला तिचा अर्धा प्रोजेक्ट मात्र परत आला नाही. वॉरंटीत वस्तू परत मिळते, आतलं काम नाही. आता दर शनिवारी ती महत्त्वाच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवते. तुम्हीही तो नियम आजच करा, माझं ऐका.

तुमची पाळी

२०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या प्रचंड केंद्रांना मेमरीच्या चिप इतक्या लागायला लागल्या, की घरगुती कॉम्प्युटरसाठी त्या महागल्या. तेव्हा वरचे आकडे पाठ करून दुकानात जाऊ नका. त्या दिवशीचे भाव स्वतः लिहून घ्या. बजेट कमी असेल तर मॉनिटर आणि कीबोर्ड कुणाकडून जुने घ्या, कॅबिनेट साधी घ्या. आठ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी खाच मोकळी ठेवा, पुढच्या वर्षी भरा. पण एसएमपीएस आणि बिल यांत काटकसर नको.

मुंबई लांब पडते? दिल्लीला नेहरू प्लेस आहे, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईला रिची स्ट्रीट. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं. तुमच्या जिल्ह्याच्या गावातही एखादा दुरुस्तीवाला असेलच. त्याच्याकडे सुट्टीत चार दिवस नुसतं बसा आणि तो पेटी कशी उघडतो ते बघा. बरंचसं तिथंच कळेल.

परवा भाचीकडे शेजारचा सातवीतला मुलगा आला होता. "ताई, माझ्या बाबांनी वीस हजार दिलेत. कोणता कॉम्प्युटर घेऊ?" तिनं त्याला भागांची नावं सांगितली नाहीत. कोरी वही त्याच्यापुढे ठेवली, पेन दिलं आणि म्हणाली, "आधी लिही, कशासाठी हवाय?"